सीक२४ एका कमांडने चालू करणे: प्रकल्प नोंदी

काय हवं आहे: टर्मिनलवर एक शब्द टाइप केला की साउंड सर्व्हर (जॅक, त्याचा प्रोग्रॅम जॅकडी), सिंथ (सुरांचा आवाज बनवणारा फ्लुइडसिंथ) आणि सिक्वेन्सर (सूर मांडून वाजवणारा सीक२४) ठरलेल्या क्रमाने उभे राहावेत, जोडण्या आपोआप व्हाव्यात, ठरलेली फाइल उघडावी. सिक्वेन्सर बंद केला की बाकीचंही मागे काही न ठेवता उतरावं. सिस्टीम लिनक्स, बाहेरून लावलेलं यूएसबी ऑडिओ कार्ड, मिडी कीबोर्ड एक.

नोंदींत कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाकायच्या. लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ टाळण्यासाठी शक्य तिथे पर्यायांची पूर्ण नावं वापरली आहेत. स्क्रिप्टमध्ये तसंही पूर्ण नावंच बरी. जॅकडीत लहान पी म्हणजे एक आणि मोठा पी म्हणजे दुसरंच, आणि सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडल्यावर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

४ ऑगस्ट

सीक२४ स्वतः आवाज काढत नाही. तो फक्त मिडी घटना पाठवतो: अमुक चॅनेलवर अमुक सूर चालू, अमुक बंद. त्यामुळे "सिक्वेन्सर चालू झाला पण ऐकू काही येत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा सिक्वेन्सरची नसतेच. साखळी अशी: सीक२४ → अल्साचं (लिनक्सच्या मूळ ध्वनी यंत्रणेचं) मिडी पोर्ट → फ्लुइडसिंथ → जॅक → कार्ड. यातली कुठलीही कडी सुटली तरी लक्षण एकच, शांतता.

मेनूतून आयकन दाबण्याऐवजी टर्मिनलवरून चालू करण्याचा मोठा फायदा हाच, की प्रत्येक कडी काय बोलते ते समोर दिसतं. मेनूतून चालू केलं तर तोच मजकूर कुठल्या तरी लॉगमध्ये जातो किंवा जातच नाही.

एकेक कडी वेगळी तपासायची. सिक्वेन्सरला हातही न लावता आधी सिंथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे का ते बघायचं. एप्लेमिडी हे छोटं साधन त्यासाठी पुरतं:

एप्लेमिडी --पोर्ट १२८:० तपासणी.मिड

हे वाजलं तर पुढचा प्रश्न सिक्वेन्सरचा. नाही वाजलं तर सिक्वेन्सरच्या सेटिंगमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

५ ऑगस्ट

एकनेक्ट (मिडी पोर्टांची यादी दाखवणारी आणि ती जोडणारी कमांड) चालवल्यावर "/डेव्ह/एसएनडी/सेक" उघडता येत नाही अशी चूक आली, तर अल्साचं सिक्वेन्सर मॉड्यूल लोड झालेलं नाही. रूट म्हणून मॉडप्रोब एसएनडी-सेक. कायमचं हवं असेल तर /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एक छोटी फाइल करून त्यात मॉड्यूलचं नाव लिहायचं.

क्लायंट म्हणजे जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम किंवा उपकरण. क्लायंट क्रमांकांची रचना एकदा समजून घेतली की यादी वाचणं सोपं जातं. ० म्हणजे सिस्टीम (टायमर आणि घोषणा). १४ म्हणजे मिडी थ्रू. कार्डांचे क्लायंट १६ पासून, प्रत्येक कार्डामागे चार जागा राखीव. म्हणजे पहिलं कार्ड १६, दुसरं २०, तिसरं २४. प्रोग्रॅम १२८ पासून पुढे, जो आधी आला त्याला आधीचा क्रमांक. इथेच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे: आज फ्लुइडसिंथ १२८ वर आहे, उद्या आणखी एखादा प्रोग्रॅम आधी चालू झाला तर तो १२९ वर जाईल. स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहायचाच नाही, नाव लिहायचं. एकनेक्टला नावाचा सुरुवातीचा भाग दिला तरी चालतो.

ऑडिओ कार्डाचंही तेच. एचडब्ल्यू:१ हा पत्ता यूएसबीची तार कधी लावली यावर बदलतो. कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स चालवल्यावर चौकटी कंसात कार्डाचं छोटं नाव दिसतं. तेच वापरायचं. पुढच्या नोंदींत ते "यूएसबी" असं धरलं आहे.

७ ऑगस्ट

जॅकची कमांड:

जॅकडी --रियलटाइम-प्रायॉरिटी ७० -डी अल्सा --डिव्हाइस एचडब्ल्यू:यूएसबी --रेट ४८००० --पिरियड १२८ --एनपिरियड्स ३

"-डी अल्सा" च्या डावीकडचे पर्याय सर्व्हरचे, उजवीकडचे अल्सा ड्रायव्हरचे. क्रम उलटसुलट झाला तर जॅकडी अनोळखी पर्याय म्हणून तक्रार करतो किंवा अर्थ भलताच लावतो, कारण तीच अक्षरं दोन्हीकडे वेगवेगळ्या अर्थाने आहेत.

बफरचा हिशोब सरळ आहे: पिरियड (एका गठ्ठ्यातले नमुने) गुणिले पिरियडची संख्या भागिले रेट (सेकंदाला नमुने). १२८ × ३ ÷ ४८००० म्हणजे ८ मिलिसेकंद. २५६ × ३ घेतलं तर १६. ६४ × २ केलं तर पावणेतीनच्या आत, पण यूएसबीवर तिथे ओढाताण सुरू होते. यूएसबी कार्डाला दोनऐवजी तीन पिरियड द्यावेत हा जुना सल्ला अजूनही लागू पडतो. यूएसबीवरून ऑडिओ ठरावीक वेळेच्या गठ्ठ्यांनी जातो, ते गठ्ठे आणि जॅकचा पिरियड एका रेषेत येत नाहीत, आणि तिसरा पिरियड तेवढी उसंत देतो.

नुसतं सिक्वेन्सिंग असेल, कीबोर्डवर थेट वाजवायचं नसेल, तर ८ मिलिसेकंदांच्या मागे लागण्याची गरज नाही. ५१२ × ३ म्हणजे ३२ मिलिसेकंद चालतात, आणि एक्सरन (बफर वेळेत न भरल्याने आवाज तुटणं) दिसेनासे होतात. कमी लेटन्सीची (विलंबाची) हौस बहुतेकदा नको तिथे केली जाते.

"डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" आलं तर कार्ड दुसऱ्याने धरलंय. फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/* चालवलं की धरणारा प्रोग्रॅम दिसतो. डेस्कटॉपवर तो पल्सऑडिओ असतो किंवा पाइपवायर. पल्सऑडिओ असेल तर कमांडच्या आधी पासस्पेंडर -- लावलं की जॅक चालू असेपर्यंत तो बाजूला होतो. पाइपवायर असेल तर वेगळा जॅकडी चालवण्याची गरजच नाही. प्रत्येक प्रोग्रॅम पीडब्ल्यू-जॅक लावून चालू करायचा आणि पाइपवायर_लेटन्सी=१२८/४८००० हे चल आधी द्यायचं. या नोंदी मात्र शुद्ध जॅकडी धरूनच आहेत.

८ ऑगस्ट

रियलटाइम परवानगी, म्हणजे ऑडिओला इतर कामांच्या आधी प्रोसेसर मिळण्याची. /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी/ऑडिओ.कॉन्फ मध्ये ऑडिओ गटाला आरटीप्रायो ९५ आणि मेमलॉक अनलिमिटेड. वापरकर्ता त्या गटात हवा. गटात घातल्यावर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं, नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही. युलिमिट -आर ने ९५ दाखवलं की झालं. शून्य दाखवलं तर पुढे काहीही जुळवलं तरी आवाज तुटतच राहणार.

११ ऑगस्ट

फ्लुइडसिंथ:

फ्लुइडसिंथ --ऑडिओ-ड्रायव्हर=जॅक --मिडी-ड्रायव्हर=अल्सा_सेक --कनेक्ट-जॅक-आउटपुट्स --नो-शेल --सर्व्हर --गेन=०.६ --सॅम्पल-रेट=४८००० साउंडफाँट.एसएफ२

साउंडफाँट म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल. प्रत्येक तुकड्याचं कारण आहे. --कनेक्ट-जॅक-आउटपुट्स नसेल तर सिंथ जॅकमध्ये दिसतो पण कार्डाला जोडलेला नसतो, पुन्हा शांतता. सॅम्पल-रेट न दिल्यास तो ४४१०० धरतो, आणि जॅक ४८००० वर असेल तर तफावतीची सूचना छापून स्वतःला जुळवून घेतो. तरी आपण लिहिलेलं बरं. गेन मुळात ०.२ असतो, म्हणजे बराच हळू. १ च्या पुढे नेल्यास एकाच वेळी पंधरा-वीस सूर वाजताना आवाज फाटतो.

सगळ्यात फसवी जोडी म्हणजे --नो-शेल आणि --सर्व्हर. फ्लुइडसिंथ सहसा टर्मिनलवर स्वतःचं शेल उघडून आपल्या कमांडची वाट बघतो. स्क्रिप्टमधून पार्श्वभूमीला टाकला की वाचायला टर्मिनल उरत नाही आणि तो थांबतो किंवा बंद पडतो. नुसतं --नो-शेल दिलं तर वाट बघण्यासारखं काहीच उरत नाही, म्हणून तो चालू होऊन लगेच गुपचूप संपतो. --सर्व्हर दिलं की टीसीपी पोर्ट ९८०० वर ऐकत बसतो आणि टिकतो. त्या पोर्टला पासवर्ड नाही, त्यामुळे अनोळखी नेटवर्कवर असताना फायरवॉलने ते बंद ठेवायचं.

हे पोर्ट आपल्या कामाचंही आहे. सीक२४ मध्ये सूर असतात, वाद्य ठरवलेलं नसतं. त्यामुळे १० नंबरचा ढोल-ताशाचा चॅनेल सोडून सगळे पियानोच वाजवतात. नेटकॅटने (नेटवर्क पोर्टवर मजकूर पाठवणाऱ्या साधनाने) ९८०० वर "प्रोग ० ३२" पाठवलं की पहिल्या चॅनेलवर अकूस्टिक बास येतो. सीक२४ चॅनेल १ पासून मोजतो, फ्लुइडसिंथ ० पासून. वाद्यांच्या छापील यादीत अकूस्टिक बास ३३ वा आहे, इथे ३२. दोन्हीकडे एकेक वजा करायचा. हे विसरलं की बासच्या जागी भलतंच वाद्य वाजतं आणि शोध साउंडफाँटमध्ये सुरू होतो.

१२ ऑगस्ट

आता सिक्वेन्सर.

सीक२४ --मॅन्युअल_अल्सा_पोर्ट्स --जॅक_ट्रान्सपोर्ट --जॅक_स्टार्ट_मोड ० रचना.मिडी

--मॅन्युअल_अल्सा_पोर्ट्स हा सर्वात महत्त्वाचा. तो न दिल्यास सीक२४ चालू होतानाच जी पोर्ट सापडतील त्यांना स्वतः जोडून घेतो, त्यांना क्रमाने बस म्हणतो आणि प्रत्येक पॅटर्नपाशी (सुरांच्या छोट्या तुकड्यापाशी) फक्त तो बस क्रमांक साठवतो. नंतर एखादं उपकरण लावलं किंवा काढलं की क्रम सरकतो आणि बासचा पॅटर्न बाहेरच्या कीबोर्डकडे जायला लागतो. शिवाय सीक२४ चालू झाल्यानंतर आलेलं पोर्ट त्याला दिसतच नाही, ते दिसण्यासाठी सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. मॅन्युअल दिल्यावर तो स्वतःची १६ आउटपुट पोर्ट तयार करतो आणि कुणालाच जोडत नाही. जोडणं आपल्याकडे, म्हणजे स्क्रिप्टकडे. बस क्रमांक मग कायमचे स्थिर.

--जॅक_स्टार्ट_मोड वर खूप वेळ जाऊ शकतो. जॅकशी जुळवल्यावर सीक२४ न सांगता साँग मोड धरतो (१). पॅटर्न चालू केलेले दिसतात, ट्रान्सपोर्टची (जॅकवरच्या सगळ्यांच्या सामायिक चालू-थांबाची) रेघ पुढे सरकते, पण साँग एडिटर रिकामा असल्यामुळे एकही सूर जात नाही. ० दिलं की लाइव्ह मोड, आणि क्लिक केलेला पॅटर्न लगेच वाजतो. शांततेचं हे कारण जोडणीच्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही, कारण जोडण्या सगळ्या बरोबर असतात. खात्री हवी असेल तर एसेकडंप (पोर्टवरून जाणाऱ्या मिडी घटना छापणारं साधन) सीक२४ च्या पोर्टला लावून बघायचं. प्ले दाबूनही एकही ओळ पडत नसेल तर दोष सीक२४ च्या आधीचा किंवा नंतरचा नाही, मोडचा आहे.

जॅक चालू नसताना --जॅक_ट्रान्सपोर्ट दिलं तर तो जॅकशी जुळवणं बंद केल्याची एक ओळ छापतो आणि तसाच उघडतो. खिडकी नेहमीसारखी दिसते. म्हणून पहिल्या दहा-वीस ओळींचा मजकूर फाइलमध्ये वळवून ठेवावा.

सेटिंग फाइल होम फोल्डरमध्ये .सीक२४आरसी. ती सीक२४ बंद होताना पुन्हा लिहिली जाते. प्रोग्रॅम चालू असताना तिच्यात हाताने केलेला बदल म्हणूनच टिकत नाही, आणि कमांडवर एकदा दिलेला पर्याय पुढच्या वेळी न देताही लागू झालेला दिसू शकतो. "काल पर्याय काढला तरी तसंच का" याचं उत्तर बहुतेकदा तिथे असतं.

१४ ऑगस्ट

क्रम आणि वाट बघणं. प्रचलित पद्धत अशी की प्रत्येक कमांडनंतर स्लीप ३ किंवा स्लीप ५ टाकायचं. जलद मशीनवर ते उगीच थांबवतं, आणि पहिल्यांदा चालू करताना मोठा साउंडफाँट डिस्कवरून यायला वेळ लागला तर तेवढं पुरतही नाही. वेळ मोजायची नाही, तयारी विचारायची.

जॅकसाठी: जॅक_वेट --वेट --टाइमआउट १०. पाठोपाठ जॅक_एलएसपी च्या यादीत सिस्टीम:प्लेबॅक_१ आहे का ते ग्रेपने बघायचं. नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवायची, पुढे जायचं नाही.

फ्लुइडसिंथसाठी: एकनेक्ट -ओ च्या यादीत "फ्लुइड सिंथ" येईपर्यंत ०.२ सेकंदाच्या अंतराने विचारत राहायचं, जास्तीत जास्त ५० वेळा. वरची मर्यादा हवीच. नाहीतर साउंडफाँटचा मार्ग चुकल्यावर स्क्रिप्ट अनंत काळ फिरत बसते.

इथे एक गंमत: -आय आणि -ओ यांचा अर्थ उलटा वाटतो. -आय ची यादी म्हणजे ज्यांच्याकडून घेता येतं ती पोर्ट (कीबोर्ड, सिक्वेन्सर), -ओ म्हणजे ज्यांना देता येतं ती (सिंथ). सिंथ -आय मध्ये शोधला तर मिळणार नाही.

आणखी एक सापळा. जॅक चालू नसताना जॅकचा कुठलाही क्लायंट उघडला तर तो होममधल्या .जॅकडीआरसी मधली जुनी कमांड वापरून सर्व्हर स्वतःच चालू करू शकतो. मग कार्ड भलतंच, रेट भलताच, आणि नंतर येणारा आपला जॅकडी "डिफॉल्ट सर्व्हर ऑलरेडी ॲक्टिव्ह" म्हणून परत फिरतो. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत जॅक_नो_स्टार्ट_सर्व्हर=१ निर्यात केलं की हा प्रकार बंद.

१८ ऑगस्ट

जोडण्या:

एकनेक्ट सीक२४:० 'फ्लुइड सिंथ':०

फ्लुइडसिंथच्या नावापुढे कंसात प्रक्रियेचा क्रमांक असतो, तो दर वेळी बदलतो. सुरुवातीचा भाग जुळला की पुरतं, म्हणून कंस लिहायचा नाही. नावात मोकळी जागा आहे, अवतरण चिन्हं विसरायची नाहीत. पण आधीचा एखादा फ्लुइडसिंथ मागे राहिला असेल तर दोघांचीही सुरुवात सारखीच, आणि जोडणी जुन्याला जाऊ शकते. म्हणून --ऑप्शन मिडी.अल्सा_सेक.आयडी=मुख्य असं स्वतःचं ओळखनाव दिलं. नाव आता नेमकं "फ्लुइड सिंथ (मुख्य)" असं येतं आणि पूर्ण लिहिता येतं. (प्रत्यक्षात हे ओळखनाव रोमन लिपीतच दिलं.)

कीबोर्ड सीक२४ च्या इनपुटला जोडायचा, सिंथला थेट नाही. दोन्हीकडे जोडला आणि सीक२४ मध्ये थ्रू (आलेला सूर तसाच पुढे पाठवणं) चालू असेल तर प्रत्येक सूर दोनदा वाजतो. किंचित पुढेमागे असल्याने तो पोकळ, नळीतून आल्यासारखा येतो. असा आवाज आला की एकनेक्ट -एल काढून दुहेरी रस्ता शोधायचा.

१९ ऑगस्ट

बंद करणं. चालू करण्यापेक्षा याकडेच कमी लक्ष दिलं जातं.

क्रम उलटा: आधी सीक२४, मग फ्लुइडसिंथ, शेवटी जॅकडी. जॅक आधी गेला तर त्याचे क्लायंट लटकतात. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पार्श्वभूमीच्या कमांडनंतर तिचा प्रक्रिया क्रमांक चलात ठेवायचा. सीक२४ मात्र पुढे, म्हणजे अँपरसँडशिवाय चालवायचा. तो संपला की स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर येते. ट्रॅप लावून ठेवायचा, म्हणजे मध्येच कंट्रोल-सी दाबलं तरी उतरवणं होतंच. पीकिल फ्लुइडसिंथ असं सरसकट मारू नये, दुसऱ्या कामासाठी चालू असलेलाही जाईल.

सीक२४ ला यूएसआर१ सिग्नल पाठवला की तो फाइल सेव्ह करतो. इंट सिग्नलने नीट बंद होतो, बदल शिल्लक असतील तर विचारून. किल -९ कधीच नाही: सूर बंद करण्याची घटना जातच नाही आणि ऑर्गनसारखं वाद्य असेल तर सूर लटकून वाजत राहतो. तसं झालंच तर ९८०० वर "सीसी ० १२३ ०" पाठवायचं, मधला आकडा चॅनेलप्रमाणे बदलायचा नाही, पहिला बदलायचा. "रिसेट" नेही सूर थांबतात, पण निवडलेली वाद्यं जाऊन पुन्हा सगळीकडे पियानो येतो, प्रोगच्या ओळी परत पाठवाव्या लागतात.

टर्मिनलची खिडकी बंद केली की हँगअप सिग्नल सगळ्यांना जातो. सेटसिड लावून स्क्रिप्ट चालवली तर ती टर्मिनलपासून सुटते.

२२ ऑगस्ट

एसएसएच वरून (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने) चालवताना "कॅनॉट ओपन डिस्प्ले". सीक२४ ला खिडकी लागतेच. त्या मशीनवर त्याच वापरकर्त्याचा डेस्कटॉप चालू असेल तर डिस्प्ले=:० द्यायचं. स्क्रीनच नसेल तर एक्सव्हीएफबी-रन (आभासी स्क्रीन देणारी कमांड).

२५ ऑगस्ट

सीक२४ ची .मिडी फाइल एप्लेमिडीला दिली तर सगळे पॅटर्न पहिल्या ठोक्यापासून एकदम वाजतात आणि थोड्याच वेळात संपतात. फाइल खराब नाही. प्रत्येक पॅटर्न एक ट्रॅक म्हणून साठवलेला असतो, आणि साँग एडिटरमधली मांडणी सीक२४ च्या स्वतःच्या खास घटनांमध्ये असते, त्या इतर प्रोग्रॅम वाचत नाहीत. मांडणीसकट साधी मिडी फाइल हवी असेल तर वाजताना नोंदवून घ्यायची:

अरेकॉर्डमिडी --पोर्ट सीक२४:० --बीपीएम ९६ पूर्ण.मिड

बीपीएम सीक२४ मधल्या टेंपोइतकाच द्यायचा. नाहीतर ऐकायला ठीक, पण दुसऱ्या एडिटरमध्ये सूर मात्रांच्या रेघांवर बसत नाहीत. नोंदणी कमांड दिल्यापासून सुरू होते, त्यामुळे सुरुवातीची रिकामी जागा नंतर कापावी लागते. कंट्रोल-सी ने थांबवलं की फाइल लिहिली जाते.

त्या फाइलचा ऑडिओ करायला जॅक लागतच नाही. फ्लुइडसिंथ --नो-शेल --फास्ट-रेंडर=पूर्ण.वेव्ह --सॅम्पल-रेट=४८००० साउंडफाँट.एसएफ२ पूर्ण.मिड. वाजायला लागतो त्याच्या अंशभर वेळात होतं, आणि एक्सरनचा प्रश्नच येत नाही.

२८ ऑगस्ट

ढोलांसाठी हायड्रोजन (ड्रम वाजवणारा प्रोग्रॅम) साखळीत घेतला:

हायड्रोजन --ड्रायव्हर जॅक --नोस्प्लॅश --साँग ताल.एच२साँग

खिडकी नको असेल तर त्याचाच एच२सीएलआय हा प्रकार आहे. दोघेही जॅक ट्रान्सपोर्टवर, म्हणून एकाने सुरू केलं की दुसराही सुरू होतो. पण मात्रा आणि टेंपो सांगणारा मालक जॅकमध्ये एकच असू शकतो. सीक२४ ला --जॅक_मास्टर दिलं आणि हायड्रोजनमध्येही मास्टर चालू असेल तर जो नंतर येतो तो पहिल्याकडून काढून घेतो, आणि कोण आधी चालू झालं यावर टेंपो ठरतो. स्क्रिप्टमध्ये --जॅक_मास्टर_कॉन्ड ठेवला आहे: आधी कुणी मालक असेल तर सीक२४ माघार घेतो. हायड्रोजन आधी, सीक२४ नंतर, टेंपो हायड्रोजनच्या फाइलमधला. उलट हवं असेल तर हायड्रोजनमधलं मास्टरचं बटण बंद ठेवायचं, पर्याय बदलायची गरज नाही.

हायड्रोजनची तयारी जॅक_एलएसपी मध्ये त्याचं आउटपुट दिसलं की धरायची. स्क्रिप्टमध्ये ती तपासणी फ्लुइडसिंथच्या लूपनंतर टाकली आहे, बंद करताना तो सीक२४ च्या लगेच पाठोपाठ जातो.